इंटरनेटचा ‘ग्राहक’ म्हणजे नेमका कोण? राष्ट्रीय आकडेवारीतील एका शब्दाची पार्श्वभूमी

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, तेव्हा ‘ग्राहक’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. टेलिफोनच्या तारेवर एक खाते असे आणि त्याचे पैसे भरणारा तो ग्राहक. त्या खात्यावर घरातील चौघे बसले, किंवा सायबर कॅफेत दिवसभरात पन्नास जण येऊन गेले, तरी नोंद एकाचीच होई. त्या काळचा आकडा, त्यामुळे, प्रत्यक्ष वापरापेक्षा कमीच भरे. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना मुभा मिळाली, २००४ च्या धोरणाने २५६ किलोबिट प्रतिसेकंद या किमान वेगाला ब्रॉडबँड म्हटले. मोजणीचे एकक मात्र बदलले नाही.

ग्राहकांचा आकडा म्हणजे माणसांचाच आकडा, या आजच्या गोंधळाचे मूळ २०१३ मध्ये आहे. तोवर तारेवरच्या जोडण्या आणि मोबाइलवरून इंटरनेट वापरणारे यांची गणना दूरसंचार नियामकाच्या अहवालांत वेगवेगळी होत असे. मार्च २०१३ अखेरच्या आकडेवारीत या दोन्हींची बेरीज झाली आणि देशातील इंटरनेट ग्राहक १६ कोटी ४८ लाखांवर गेले. त्यांतील दर आठांपैकी सात मोबाइलवरचे होते. ते वगळले, तर उरणारा आकडा दोन-सव्वादोन कोटींचा होता. मोबाइल जमेस धरणे योग्यच होते, कारण बहुसंख्य भारतीयांच्या घरी संगणक कधी आलाच नाही. पण खाते मोजण्याची जुनी पद्धत जशीच्या तशी सिमकार्डाला लावली गेली आणि चुकीची दिशाच उलटली. पूर्वी एका नोंदीमागे अनेक माणसे असत; आता एका माणसामागे अनेक नोंदी असू शकतात.

हे एखाद्या घरात डोकावून पाहिले की स्पष्ट होते. वडिलांच्या फोनमध्ये दोन सिमकार्डे आहेत आणि दोन्हींवर डेटा वापरला जातो, म्हणून नोंदीत दोन ग्राहक आहेत. तो फोन दिवसभर त्यांच्याबरोबर शेतावर असतो. संध्याकाळी तो घरी आल्यावर मुलगी त्यावर शाळेचा अभ्यास पाहते, आणि तिची नोंद कुठेच नाही. शहरी भागात दर १०० लोकसंख्येमागे १०० हून अधिक इंटरनेट ग्राहक असल्याचे नियामकाच्याच अहवालांत दिसते, ते अशा मोजणीमुळे. तरीही मार्च २०१४ मधील २५ कोटींवरून मार्च २०२४ मध्ये ९५ कोटी ४४ लाखांवर पोहोचलेला हा आकडा सांगताना ‘ग्राहक’ या शब्दाच्या जागी सर्रास ‘वापरकर्ते’, कधी तर थेट ‘भारतीय’ असे शब्द येतात. हा बदल किरकोळ समजणे मला अजिबात मान्य नाही, कारण त्यात मुलगी मोजणीतून सुटते आणि ती सुटल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

माणसांना प्रत्यक्ष विचारून काढलेले आकडे वेगळेच चित्र दाखवतात. २०१७-१८ च्या सरकारी नमुना पाहणीत २३.८ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात १४.९ टक्के, शहरांत ४२ टक्के. २०२० मध्ये शाळा ऑनलाइन भरू लागल्या, तेव्हा मुले शिक्षणाबाहेर राहण्याच्या धोक्याची जाणीव करून देण्यासाठी याच पाहणीचा आधार घेतला गेला. पुढे २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरल्याचे सांगितले. ही दरी सिमकार्डे मोजून कधीच दिसली नसती. अर्थात, इंटरनेट ‘कधी ना कधी’ वापरले का आणि, काही पाहण्यांत विचारतात तसे, ‘गेल्या तीस दिवसांत’ वापरले का, हे दोन प्रश्न निराळे आहेत आणि त्यांची उत्तरे एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडणे चूक आहे.

२०२५ च्या सुरुवातीच्या पाहणीत घरी इंटरनेटची सोय असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ८६.३ टक्के निघाले. वाढ खरी आहे आणि मोठीही आहे. पण घरात सोय असणे म्हणजे घरातील प्रत्येकाच्या हाती ती असणे नव्हे.

यात भर म्हणजे, २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने दर शंभरी प्रमाण काढण्यासाठी लागणारी लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेल्या अंदाजांतून घ्यावी लागली. त्या जनगणनेत इंटरनेटसह संगणक असलेली कुटुंबे ३.१ टक्के होती. मोबाइलवर इंटरनेट वापरता का, हा प्रश्न तिच्या प्रश्नावलीत नव्हताच.