रोल की सेन्सर? आधी प्रवासातला उजेड बघा

1930च्या ऑगस्टमध्ये आर्क्टिक महासागरातल्या क्विटोया या बर्फाळ बेटावर नॉर्वेच्या एका मोहिमेला स्वीडिश प्रवाशांचे अवशेष सापडले. सालोमन आन्द्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नुट फ्रेंकेल हे तिघे 1897 साली हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले होते. पुढे त्यांचं काय झालं, याचा कुणालाच पत्ता नव्हता. सामानात स्ट्रिंडबर्गने वापरलेली फिल्म निघाली. न धुतलेली, 33 वर्षं बर्फात आणि ओलीत पडलेली. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्सबर्ग यांनी ती जिवापाड जपून धुतली आणि सुमारे 240 फोटोंपैकी 93 वाचवले. बर्फावर कलंडलेला फुगा आणि त्याच्याकडे बघत उभे असलेले दोघे जण, हा फोटो त्यातलाच.

प्रवासाला फिल्म कॅमेरा न्यावा की डिजिटल, ही चर्चा बहुतेक वेळा रंगांची मजा आणि वापरण्याची सोय एवढ्यावरच थांबते. मला विचाराल तर आधी आपण जिथे चाललोय तिथला उजेड, ऊन, दमट हवा आणि वाटेतले विमानतळ यांचा विचार करायला हवा. निवड शेवटी दोन पदार्थांमधली आहे: फिल्मवरचे चांदीचे क्षार आणि डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरमधलं सिलिकॉन.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, बारीक स्फटिक पसरलेले असतात. स्फटिकावर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो चांदीच्या आयनाला (विद्युतभारित अणूला) मिळतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. हा एकटा अणू फार काळ तग धरत नाही, मोडून जातो. पण तो मोडायच्या आत त्याच जागी आणखी अणू जमले आणि त्यांची संख्या साधारण चारवर गेली, की ठिपका पक्का होतो. डोळ्यांना यातलं काहीही दिसत नाही. डेव्हलपर या रसायनात बुडवल्यावर मात्र तेवढ्याशा ठिपक्याच्या जोरावर अख्ख्या स्फटिकातले अब्जावधी आयन चांदीत बदलतात. क्विटोयावर 33 वर्षं तगून राहिले ते हे अदृश्य ठिपके. थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात, त्यामुळे ते पुसले गेले नाहीत.

याच चार अणूंमुळे रात्रीच्या आकाशापुढे फिल्म अडखळते. हरिश्चंद्रगडावर मुक्काम आहे, कोकणकड्यावर आकाशगंगा लख्ख दिसतेय, शटर उघडं ठेवलंय. पण ताऱ्यांचे फोटॉन इतक्या सावकाश येतात की दुसरा अणू जमेपर्यंत पहिला मोडलेला असतो. शटर दुप्पट वेळ उघडं ठेवलं तरी नोंद दुप्पट होत नाही. फिल्मच्या डब्यात लांब एक्स्पोजरसाठी, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवण्यासाठी, वेगळा तक्ता यायचा, तो यासाठीच.

सेन्सरचं तसं नाही. सिलिकॉनच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन साठत राहतात आणि शेवटी मोजले जातात. एक आला तरी तो जमेला धरला जातो. आजच्या चांगल्या सेन्सरवर पडलेल्या शंभर फोटॉनांपैकी निम्म्याहून जास्त कामी येतात. फिल्ममध्ये हे प्रमाण जेमतेम काही टक्के आहे. म्हणून अजिंठ्याच्या लेण्यांत, जिथे फ्लॅशला बंदी आहे आणि उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, तिथे मी फिल्मचा विचारही करणार नाही. शिवाय नेहमीची रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते. पिवळ्या दिव्यांखाली ती सगळं नारिंगी करून टाकते, तर डिजिटलमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार केलेली जुळवणी, तिथल्या तिथे बदलता येतो.

भर उन्हात मात्र बाजू उलटते. पिक्सेल म्हणजे नळाखाली लावलेली घागर. काठोकाठ भरली की पुढचं पाणी वाया. समुद्रावरची चमक, पांढऱ्या चर्चची भिंत, दुपारचे ढग अशा ठिकाणी घागरी भरल्या की फोटोत नुसता पांढरा फटक डाग उरतो आणि संगणकावर कितीही खटपट केली तरी त्यातून तपशील निघत नाही. निगेटिव्ह फिल्मवर (तिच्यावर उजळ भाग काळा उमटतो) उजेड वाढत गेला की काळेपणा वाढण्याचा वेग हळूहळू कमी होतो, त्यामुळे जास्त उजेड पडूनही ढगांचा आकार राहतो. तिची अडचण सावलीत आहे, कारण तिथे ठिपके पक्केच होत नाहीत. म्हणून निगेटिव्ह रोलवर सावली बघून एक्स्पोजर ठरवायचं आणि डिजिटलवर सर्वांत उजळ भाग सांभाळायचा. स्लाइड फिल्म, जिच्यावर थेट सरळ चित्र उमटतं, निगेटिव्हइतकी उदार नसते, तिला उजेड अगदी मोजून द्यावा लागतो.

लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उंची दर 1000 मीटरने वाढली की अतिनील किरण सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात, आणि लेह साधारण 3500 मीटरवर आहे. चांदीचे क्षार मुळातच निळ्या आणि अतिनील प्रकाशाला संवेदनशील. त्यामुळे फिल्मवर दूरचे डोंगर निळसर, धुकट येतात आणि लेन्सवर यूव्ही फिल्टर लावणं भाग पडतं. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरसमोरची काच हे काम बऱ्याच अंशी करते. पण त्याच थंडीत लिथियम-आयन बॅटरी लवकर मान टाकते. जास्तीची बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची. पेंटॅक्स के1000 किंवा निकॉन एफएम2 अशा यांत्रिक कॅमेऱ्यांना बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरपुरती, शटर तिच्याविना चालतं. चार-पाच दिवस प्लग मिळणार नाही अशा ट्रेकला हा मोठा दिलासा असतो.

आपल्याकडच्या उकाड्यात फिल्मची खरी कसोटी लागते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रोल विसरला तर उजेड न लागताही स्फटिकांवर ठिपके तयार होतात, फोटो करडे पडतात आणि रंग बिघडतात. रोल फ्रिजमध्ये ठेवणं चांगलं, पण बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडायची नाही. काही तास तशीच राहू द्यायची, नाहीतर पावसाळी हवेतली वाफ फिल्मवर जमते.

विमानतळाचा प्रश्न अलीकडे जास्त बिकट झालाय. जुन्या एक्स-रे यंत्रातून 400 आयएसओपर्यंतचा (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे याचं माप) रोल सहसा सुखरूप जायचा. आता अनेक विमानतळांवर हातातल्या सामानासाठी सीटी स्कॅनर आले आहेत. ते बॅगेवर सगळ्या बाजूंनी किरण टाकतात आणि न धुतलेला रोल त्यातून एकदा गेला तरी खराब होऊ शकतो. चेक-इन बॅगेत तर रोल ठेवूच नये. मेमरी कार्डाला या किरणांनी काही होत नाही.

म्हणून दोन-तीन विमानं बदलायची असतील, लेणी-देवळं बघायची असतील किंवा ऐन पावसात सह्याद्रीत हिंडायचं असेल, तर मी डिजिटल नेईन. रेल्वेने किंवा गाडीने जायचं आहे, हिवाळा आहे, दिवसभर ऊन आहे, तर यांत्रिक कॅमेरा आणि निगेटिव्ह रोल बिनधास्त न्यावेत. 36 फोटोंच्या मर्यादेने माणूस थांबून बघायला लागतो, हेही मला मोलाचं वाटतं. आणि विमान टळत नसूनही रोल न्यायचेच असतील, तर ते पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवून हाताने तपासायची विनंती करावी. तिथे नकार मिळू शकतो. म्हणून जिथे फिरतोय त्याच शहरात लॅब शोधून परतीच्या आधी रोल धुऊन घ्यावेत. धुतलेल्या निगेटिव्हला कुठलाच स्कॅनर काही करू शकत नाही.