परत घेण्याची हमी : पासपोर्ट सक्तीचा कसा झाला

ऑगस्ट १९१४. महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच कार्ल हान्स लोडी हा जर्मन हेर ब्रिटनमध्ये उतरला. त्याच्या खिशात अमेरिकेचा पासपोर्ट होता, आणि तो बनावट नव्हता. चार्ल्स इंगलिस नावाच्या अमेरिकन प्रवाशाचा तो पासपोर्ट जर्मन अधिकाऱ्यांकडे गेला आणि मूळ मालकाला परत मिळालाच नाही. त्यावर फोटो नव्हता, म्हणून लोडीला इंगलिस होणं जमलं. पुढे त्याच्याच पत्रांनी त्याला पकडून दिलं आणि ६ नोव्हेंबरला टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. डिसेंबरात अमेरिकेनं पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला. ब्रिटनचा १९१५चा पासपोर्ट म्हणजे घड्या घालून पुठ्ठ्यात बसवलेला एकच कागद. त्यावर फोटो, सही आणि कपाळ, नाक, डोळे कसे आहेत याचं वर्णन असे.

राजानं ‘या माणसाला वाटेत अडवू नये’ असं लिहून द्यायची प्रथा मात्र फार जुनी. इंग्लंडमध्ये पाचव्या हेन्रीच्या काळात, १४१४ साली, अशा अभयपत्रांबद्दल कायदाही झाला होता. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, प्रवाशांची संख्या इतकी वाढली की सीमेवर कागद तपासणं आवाक्याबाहेर गेलं. १८६०च्या सुमारास फ्रान्सनं अट सैल केली, इतरांनीही केली. महायुद्धाच्या तोंडावर युरोपात कडक आग्रह उरला होता तो मुख्यतः रशिया आणि ऑटोमन साम्राज्यात.

या मोकळ्या काळाचं कौतुक नेहमी होतं, पण तो सगळ्यांसाठी मोकळा नव्हता. अमेरिकेनं १८८२मध्ये चिनी मजुरांना दार बंद केलं. १८९२च्या कायद्यानं तिथे आधीपासून राहणाऱ्या चिनी मजुरांनाही रहिवासाचा दाखला जवळ बाळगणं भाग पडलं आणि १८९३मध्ये त्यावर फोटोही आला. पुढे जी सक्ती सगळ्या जगावर आली, ती आधी नकोशा ठरवलेल्या माणसांवर करून झाली होती.

युद्ध संपलं तरी तपासणी संपली नाही. ऑक्टोबर १९२०मध्ये राष्ट्रसंघानं (लीग ऑफ नेशन्स) पॅरिसमध्ये परिषद भरवली. निर्बंध हळूहळू पूर्ण उठावेत अशी तिची इच्छा होती, पण तोवर निदान सगळ्यांचा नमुना एक असावा म्हणून तिनं ३२ पानांची पुस्तिका आणि दोन भाषांतला मजकूर, त्यातली एक फ्रेंच, असं ठरवून दिलं. निर्बंध उठले नाहीत. पुस्तिका राहिली.

माझ्या मते पासपोर्टचं खरं काम कळतं ते ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्याकडे पाहिलं की. डिसेंबर १९२१मध्ये सोव्हिएत सरकारनं देशाबाहेर गेलेल्या लाखो रशियनांचं नागरिकत्व काढून घेतलं. नाव, चेहरा, जन्मगाव सगळं तेच होतं, पण त्यांना परत घ्यायला बांधील असा देश उरला नाही आणि म्हणून दुसरा कुणी आत घेईना. राष्ट्रसंघाचे उच्चायुक्त फ्रिद्योफ नान्सेन यांनी १९२२मध्ये त्यांच्यासाठी ओळखपत्र सुरू केलं. पुढे ते आर्मेनियन निर्वासितांनाही मिळालं. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शगाल, लेखक नाबोकोव्ह हे सगळे या कागदावर जगले. त्यावर नान्सेन यांचं चित्र असलेलं तिकीट चिकटवलेलं असे. तिकिटाचे पाच सुवर्ण फ्रँक, आणि ते पैसे गरजू निर्वासितांच्या मदतीला जात. इतकं करूनही एक उणीव होती. ज्या देशानं हा कागद दिला, त्यानं धारकाला परत घेतलंच पाहिजे असं बंधन सुरुवातीला नव्हतं. त्यामुळे व्हिसा देणारा अधिकारी कचरत असे.

हीच भीती १९३८मध्ये उलट्या बाजूनं वापरली गेली. जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळल्यावर तिथले ज्यू जर्मनीचे पासपोर्ट घेऊन आपल्याकडे येतील आणि परत जाणार नाहीत, अशी धास्ती स्वित्झर्लंडनं घेतली. वाटाघाटी झाल्या आणि ५ ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ उमटू लागला. सीमेवर त्या एका अक्षरावरून माणूस परत फिरवता येई.

१९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं १३वं कलम कुठलाही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क देतं. दुसऱ्या देशात शिरण्याचा हक्क त्यात नाही.

नंतरचा इतिहास बराचसा यंत्रांचा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं १९८०मध्ये यंत्राला वाचता येणाऱ्या पासपोर्टचा नमुना दिला, आणि १९९८मध्ये मलेशियानं पासपोर्टमध्ये चिप घातली. फोटोच्या पानावर तळाशी ४४-४४ खुणांच्या ज्या दोन ओळी दिसतात, त्या या नमुन्यातल्या. जन्मतारखेनंतर तिथे एक जादा आकडा असतो. तारखेतल्या आकड्यांना क्रमानं ७, ३, १ नं गुणून, बेरजेला १०नं भागून उरलेली ती बाकी. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला, तर यंत्राला बहुधा तिथेच कळतं.

त्याच ओळीत नागरिकत्वासाठी तीन अक्षरांची जागा आहे. राज्यविहीन, म्हणजे कुठल्याच देशाचा नागरिक नसलेल्या, माणसाच्या प्रवासपत्रावर तिथे ‘एक्सएक्सए’ येतं, निर्वासितांविषयीच्या १९५१च्या करारातल्या निर्वासिताला ‘एक्सएक्सबी’. त्या कराराच्या परिशिष्टात १३वा परिच्छेद आहे. प्रवासपत्र देणाऱ्या देशानं त्याची मुदत असेपर्यंत धारकाला परत घेतलं पाहिजे, परतीची मुदत कमी करायची तर ती अपवाद म्हणून किंवा मुक्कामच ठरावीक मुदतीचा असेल तर, आणि तीन महिन्यांच्या खाली नाही. नान्सेन यांच्या कागदात सुरुवातीला नेमकी हीच ओळ नव्हती.