चार इंजिनं आणि एक डोंगर: नेरळ–माथेरान मिनी ट्रेनची पार्श्वभूमी

कर्जत लोकलमधून नेरळला उतरलं की एकाच स्टेशनात दोन मापांचे रूळ दिसतात. मोठी लाइन १६७६ मिलिमीटरची, शेजारची छोटी ६१० ची, म्हणजे बरोबर दोन फुटांची. या दोन फुटांमुळेच माथेरानची गाडी शक्य झाली आणि पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक अडचणीही त्यातूनच आल्या. गाडीबद्दल लिहिताना धुकं, माकडं आणि वन किस टनेल यांवरच भर असतो. पण तिचा खरा इतिहास आसांचा (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यांचा), ब्रेकचा आणि मोऱ्यांचा, म्हणजे रुळाखालून पाणी काढणाऱ्या वाटांचा आहे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने डोंगर चढले आणि माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आलं. सहा वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली, त्यामुळे मुंबईहून नेरळपर्यंत आगगाडीने येता येऊ लागलं. पुढचा डोंगर मात्र घोडा, पालखी किंवा पायपीट. असं पन्नास वर्षं चाललं.

मग आले आदमजी पीरभॉय. लष्कराला तंबू आणि बूट पुरवून मोठे झालेले मुंबईचे बोहरा व्यापारी. नेरळला आले असता वर जायला वाहन मिळालं नाही, म्हणून चिडून त्यांनी रेल्वेच बांधायची ठरवली, असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण सोळा लाख रुपये रागाच्या भरात कोणी घालत नाही. मुंबईच्या पैसेवाल्यांचं उन्हाळी ठिकाण अवघ्या आठशे मीटरवर, तेही शहराच्या इतक्या जवळ, हा हिशेब कुठल्याही व्यापाऱ्याला कळण्यासारखा होता. काम मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, १९०४ मध्ये हाती घेतलं आणि २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू झाली. त्या काळी एका भारतीय कुटुंबाने स्वतःच्या खिशातून डोंगरी रेल्वे उभी करणं ही साधी गोष्ट नव्हती.

आता डोंगराचं गणित. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, माथेरान ८०० वर. मधलं अंतर २० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी चढ २६ ला १ (२६ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) आणि कठीण जागी २० ला १. बोर घाटात हाच आकडा ३७ ला १ आहे आणि तिथेही मागून जादा इंजिनं लावावी लागतात. २० ला १ च्या चढावर प्रत्येक टन वजन नुसतं वर खेचायला ५० किलोची ओढ लागते. सपाटीवर तेवढ्याच वजनाला पाच-सात किलो पुरतात. वळणाचं घर्षण धरून टनामागे ६० किलो समजा. कोरड्या रुळावर इंजिन आपल्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाएवढी ओढ काढू शकतं, त्यापुढे चाकं जागेवर गरगरतात. वीस टनांचं इंजिन धरलं तर पाच हजार किलो ओढ, म्हणजे स्वतःसकट ८० टनांच्या आसपास, गाडी साठेक टनांची. रूळ ओला झाला किंवा त्यावर पाला चिकटला की पकड पावावरून सहाव्या-सातव्या हिश्शावर येते आणि तेच इंजिन जेमतेम तीस टन ओढतं. म्हणून गाडीला डबे मोजके असतात आणि म्हणून इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात. ती वाळू चाळलेली आणि भाजून कोरडी केलेली लागते. दमट वाळू नळीत घट्ट बसते आणि नेमकी गरजेच्या वेळी पडत नाही.

चढ गाठायला डोंगराभोवती फिरत जावं लागतं. दार्जिलिंगच्या रेल्वेने काही ठिकाणी गाडी पुढे-मागे करत चढवायची युक्ती केली, बोर घाटातही एके काळी गाडी उलटवायचं स्टेशन होतं. माथेरानला ते टाळून घोड्याच्या नालेसारखा प्रचंड भराव घातला आणि गाडी त्यावरून वळवली. यात वेळ वाचतो हे तर झालंच, पण एक कारण बॉयलरशीही जुळतं. २० ला १ च्या चढावर तीन मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये एका टोकाचं पाणी दुसऱ्यापेक्षा १५ सेंटिमीटर वर असतं. चिमणी चढाकडे असेल तर पाणी मागे, फायरबॉक्सवर म्हणजे भट्टीच्या पेटीवर जमतं, ते बरंच. चिमणी उताराकडे झाली की पाणी पुढे धावतं आणि फायरबॉक्सचा माथा उघडा पडायची भीती असते. खाली भट्टी पेटलेली आणि वर पाणी नाही, अशा अवस्थेत पत्रा काही मिनिटांत लाल होऊन खचतो. त्यासाठीच माथ्यात लेड प्लग, म्हणजे शिशाचं बूच, बसवलेला असतो. तो वितळून वाफ भट्टीत सोडतो आणि आग दडपतो. प्लग उडणं म्हणजे इंजिन वाचलं, पण त्या दिवसाची गाडी गेली. गाडी उलटी-सुलटी न करता एकाच तोंडाने चढवली की ही धास्ती बरीच कमी होते.

वळणांचा प्रश्न वेगळा. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर दोन फुटी गेजमध्येही (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा दोन टक्के लांब पडतो, आणि चाकं तर एकाच आसावर घट्ट. शिवाय इंजिनाला ताकदीसाठी तीन जोड्या चाकं हवीत, पण ताठ चौकटीतल्या तीन जोड्या अशा वळणात बसत नाहीत. फ्लँज, म्हणजे चाकाची आतली कड, रुळाला घासून कातली जाते, रूळ बाहेर ढकलले जातात, गेज पसरतो आणि एक दिवस चाक खाली येतं.

उत्तर शोधलं एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी. बार्शी लाइट रेल्वेचे जनक म्हणून सोलापूर-धाराशिवकडच्या जुन्या मंडळींना हे नाव माहीत असतं. त्यांच्या आराखड्यावरून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्याने चार इंजिनं बांधली. तीच पुढे एमएल वर्गाची ७३८ ते ७४१. सहा चाकं, पाण्याच्या टाक्या अंगावरच, कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. गंमत टोकाच्या दोन आसांमध्ये आहे. ही रचना सॅक्सनीच्या रेल्वेतल्या क्लीन आणि लिंडनर या इंजिनिअरांची. तीत एकात एक असे दोन आस असतात. आतला भरीव आस बाहेरच्या चौकटीत पक्का बसतो, त्याच्या टोकांना क्रँक आणि त्यांना जोडणारे दांडे. तो फक्त फिरतो, कुठे सरकत नाही. त्याच्यावर पोकळ नळीसारखा दुसरा आस आणि चाकं त्या पोकळ आसावर. आतल्या आसाच्या मधोमध गोळ्यासारखा फुगवटा असतो, त्यातून गेलेली पिन पोकळ आसाला फिरवते. वळण आलं की चाकं पोकळ आसासकट गोळ्यावर थोडी तिरपी होतात, थोडी बाजूला सरकतात, आणि दांडे मात्र एका रेषेत चालत राहतात. सरळ रुळावर आलं की स्प्रिंगा सगळं पुन्हा मध्यावर आणतात.

कागदावर सुंदर, शेडमध्ये डोकेदुखी. गोळा आणि पिन पोकळ आसाच्या पोटात, तिथे तेल पोचवणं अवघड आणि पोचलं की नाही हे बघणं त्याहून अवघड. पिन झिजली की फेऱ्यागणिक ठोका ऐकू येतो. बघायचं म्हटलं तरी चाकं खाली काढावी लागतात. जगभर ही रचना मागे पडली ती याच कारणाने. माथेरानला मात्र ती १९८२ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षं चालली, आणि याचं श्रेय आराखड्यापेक्षा नेरळ शेडच्या फिटरांना जास्त जातं. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

पाण्याची सोय मार्गातच होती. जुम्मापट्टीच्या वरचं वॉटर पाइप स्टेशन इंजिनाला पाणी पाजण्यासाठी. एक किलो कोळसा साधारण सहा-सात किलो पाण्याची वाफ करतो, आणि अंगावरच्या टाक्यांत मावणारं पाणी एवढ्या चढाला एका दमात पुरणं कठीण. पाणी जास्त भरावं तर वजन वाढतं, आणि रूळ सुरुवातीला यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचे होते. आता ४२ पौंडी आहेत. मुंबईच्या मुख्य मार्गावर ६० किलोचा रूळ असतो, यावरून फरक लक्षात यावा.

उतरणं चढण्याहून अवघड. जुन्या डब्यांना एका नळीने सगळीकडे लागणारे ब्रेक नव्हते. डब्यांच्या टोकाला ब्रेकवाले उभे असत आणि इंजिनाच्या शिटीच्या खुणेवर हाताने चक्र फिरवून ब्रेक आवळत. त्यात कसब होतं. जास्त आवळलं तर चाक फिरायचं थांबून रुळावर घसरतं, त्याला एका जागी सपाट डाग पडतो, आणि घसरतं चाक फिरत्या चाकापेक्षा कमी धरतं. कमी आवळलं तर वेग हातातून जातो. वळणावर ताशी १२ किलोमीटरची मर्यादा आहे ती उगाच नाही. डब्यांना धक्का झेलणारा बफरही मधोमध एकच, कारण बाजूचे दोन बफर असल्या वळणावर एकमेकांत अडकले असते.

१९५० च्या दशकात जर्मनीच्याच युंग कारखान्याची डिझेल इंजिनं आली, एनडीएम १ वर्गाची. नंतर बंगळुरूच्या सॅन कंपनीची एनडीएम ६. डिझेलने पाणी, राख आणि जंगलात उडणाऱ्या ठिणग्या हे तिन्ही प्रश्न मिटवले. वाफेच्या त्या चार इंजिनांपैकी ७४१ नेरळला उभं आहे, ७३८ दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात, तर ७४० इंग्लंडला लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर आहे. या शतकाच्या सुरुवातीला दार्जिलिंगहून बी वर्गाचं ७९४ नेरळला आणलं आणि ते अधूनमधून चाललंही. ते चार चाकी, म्हणून पोकळ आसाची भानगड नाही.

वाफेचं इंजिन रोज का चालवत नाहीत, हे लोक वारंवार विचारतात. थंड बॉयलर एका तासात पेटवता येत नाही. पत्रे, ट्यूब आणि स्टे (पत्र्यांना धरून ठेवणारे दांडे) वेगवेगळ्या गतीने तापतात, घाई केली की ट्यूबांची टोकं गळू लागतात. म्हणून हळूहळू, चार-पाच तास. ठरावीक दिवसांनी पाणी काढून बॉयलर धुवायचा, नाहीतर क्षार साचून पत्रा भट्टीच्या बाजूने भाजतो. मुदतीने पत्र्याची जाडी मोजायची, पाण्याच्या दाबाने चाचणी घ्यायची. आणि बंद ठेवलेला बॉयलर चालत्यापेक्षा लवकर गंजतो, विशेषतः कोकणच्या दमट हवेत. ठेवायचाच तर पूर्ण कोरडा करून आत कळीचा चुना ठेवावा. अर्धवट पाणी राहिलं की पाण्याच्या रेषेवर पत्र्याला खड्डे पडतात.

गाडीचा मोठा शत्रू मात्र पाऊसच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच पावसाने या मार्गाचे लचके तोडले. गाडी परत यायला २००७ उजाडलं. मे २०१६ मध्ये माथेरानच्या आधीच्या अमन लॉज स्टेशनाजवळ आठवड्याभरात दोनदा डबे घसरले आणि सेवा थांबली. त्यानंतर एअर ब्रेक आले. नेरळपासून पूर्ण मार्ग जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाला, २०१९ च्या पावसात पुन्हा वाहून गेला, आणि २२ ऑक्टोबर २०२२ ला परत उघडला. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान शटल हाच आधार होता, कारण मोटारी अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत. युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत या गाडीचं नाव आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला मुख्य यादीत गेले, माथेरान थांबलंय.

वाहून जातं ते रूळ नव्हे, रुळाखालचं. वरच्या उतारावरून आलेली माती आणि पाला मोरीच्या तोंडाशी अडतो, पाणी मोरीतून जायचं सोडून भरावावरून जातं, आधी खडी, मग भराव, आणि सकाळी रूळ हवेत लोंबकळताना दिसतात. त्यामुळे २०२२ पूर्वीच्या कामात सिमेंटचे स्लीपर घातले तसे दगड भरलेल्या जाळीच्या भिंती आणि गटारंही बांधली. जाळीची भिंत सिमेंटच्या भिंतीपेक्षा बरी, कारण ती पाणी आतून जाऊ देते आणि थोडी खचली तरी फुटत नाही. दर वर्षी जूनच्या मध्याला नेरळची गाडी थांबते ती साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. उघडण्याआधी मोऱ्या मोकळ्या करायच्या, सुटलेले दगड पहारीने पाडायचे, उताराकडे सरकलेले रूळ मागे ओढून सांधे नीट करायचे, वळणावळणाला गेज तपासायचा, आणि मग रिकामी गाडी सोडून बघायची.