मूत्रपिंडातील पेशी घोट कसा घेते?

औसा तालुक्यातील एका आठवडी बाजारात परवा एक काढेवाला सांगत होता की मूत्रपिंड म्हणजे चाळणी, आणि तुंबलेली चाळणी त्याचा काढा सात दिवसांत धुऊन देतो. बाटली कोणी घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न असला, तरी माझी हरकत ‘चाळणी’ या शब्दाला आहे. मूत्रपिंडात गाळणी असते हे खरे. पण तिच्यातून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि मूत्र बनते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचे सारे नेफ्रॉनच्या, म्हणजे मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण-एककाच्या, नलिकेतील अभिस्तर (अस्तराच्या) पेशी परत घेतात, आणि गाळणीतून निसटलेली थोडीफार प्रथिनेही त्याच उचलतात. प्रथिनाचा एवढा मोठा रेणू पेशीच्या पटलातून, म्हणजे तिच्या पातळ आवरणातून, आरपार जाऊ शकत नाही. म्हणून पेशी स्वतःचे पटलच आत दुमडून त्याचा घोट घेते.

या पेशी ध्रुवीय असतात, म्हणजे त्यांची नलिकेच्या पोकळीकडची बाजू वेगळी आणि रक्ताकडची वेगळी. पोकळीकडच्या पटलावर मेगालिन नावाचे प्रथिन निसटलेले रेणू पकडून ठेवते आणि त्याच जागी पटलाच्या आतल्या अंगाला क्लॅथ्रिन हे दुसरे प्रथिन जमू लागते. तिफणीला जसे तीन फण, तसे क्लॅथ्रिनला तीन पाय. मात्र ते समांतर नसून एका मध्यापासून तीन दिशांना फाकलेले आणि किंचित वाकलेले असतात. पायात पाय गुंतवून त्यांची जाळी तयार होते. जाळीत नुसते षटकोन असतील तर ती सपाट राहते. पंचकोन आले की तिला बाक येतो, आणि षटकोन कितीही असले तरी पूर्ण बंद गोळ्यासाठी पंचकोन बरोबर बाराच लागतात. जुन्या फुटबॉलवरचे काळे तुकडे मोजून पाहावेत, तेही बाराच भरतात. अर्थात केवळ जाळीने भागत नाही: काही प्रथिने पटलात पाचरीसारखी घुसून त्याला वाकवतात, आणि शेवटी डायनामिन हे प्रथिन अशा आत वाकलेल्या खळग्याच्या मानेभोवती वेटोळे घालून ती आवळते व तोडते.

ध्रुवीय पेशीतील गंमत पुढेच आहे. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या पेशींमधील ॲक्टिन या प्रथिनाचे, पेशीला आतून आधार देणारे तंतू औषधाने मोडले, तेव्हा पोकळीकडच्या बाजूने घोट घेणे थांबले, पण रक्ताकडच्या बाजूने ते चालूच राहिले, असे १९९३ मध्ये दिसून आले. पुढे २०११ मध्ये त्याचे कारणही उलगडले. ढिल्या बाजेत सहज खळगा पडतो, नव्याने ओढून ताठ केलेल्या बाजेत पडत नाही. पोकळीकडचे पटल असेच ताणलेले असते. तिथे क्लॅथ्रिनची जाळी अर्ध्यावरच अडते, आणि तेव्हा ॲक्टिनचे तंतू वाढत जाऊन खळगा आत ढकलतात.

आत आलेले प्रथिन लयकारिकेत, म्हणजे पेशीतील पचनाच्या पिशवीत, पचते, मेगालिन मात्र पुन्हा पृष्ठभागावर जाते. या साऱ्यात धुण्याजोगी जागा कोणती, हे काढेवाल्यालाच ठाऊक. जेंटामायसिन हे प्रतिजैविकदेखील मेगालिनला चिकटून याच वाटेने पेशीत शिरते आणि तिथे साचून तिला इजा करते. म्हणूनच ते देताना डॉक्टर मात्रा आणि दिवस मोजूनच ठरवतात.