परग्रहावरचे जंतू आणि परग्रहावरचे पाहुणे, भीती एक नाही दोन आहेत

एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी ग्रहाची बातमी आली. १२४ प्रकाशवर्षं लांब. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमला तिथल्या हवेत डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्यासारखं वाटत होतं, आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे तयार होतो म्हणून एवढी चर्चा. त्या रात्री माझ्या भाचीचा फोन, नववीत आहे ती. "मामा, ते आपल्यावर हल्ला करतील का रे?" मी म्हटलं अगं बातमी शेवाळासारख्या जीवांची आहे आणि तीपण अजून पक्की नाही. पण तिचा आवाज खरंच घाबरलेला होता, आणि तेव्हापासून वाटतंय की हे नीट सुटं करून सांगायला हवं.

कारण "परग्रहावर जीवसृष्टी" म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच यान घेऊन येणारं कुणीतरी उभं राहतं, आणि शास्त्रज्ञ जे शोधतायत ते बहुतेक वेळा जंतू असतात. पृथ्वीचंच बघा ना, इथे जीव निदान साडेतीन अब्ज वर्षांपासून आहेत, त्यातला बहुतेक सगळा काळ नुसते सूक्ष्मजीव होते, आणि रेडिओ सिग्नल पाठवू शकणारा प्राणी जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांतला. म्हणजे बाहेर काही सापडलंच तर ते मायक्रोस्कोपखाली दिसणारं असण्याची शक्यता कितीतरी जास्त, असं मला वाटतं.

आता जंतूंची भीती. ती आपण एकदा अगदी गंभीरपणे घेतली होती. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिघं चंद्रावरून परत आले तर त्यांना घरी जाऊ दिलं नाही, आधी जहाजावरच्या एका बंद ट्रेलरमध्ये आणि मग ह्यूस्टनच्या खास लॅबमध्ये, सगळे मिळून २१ दिवस क्वारंटाइन. तोवर चंद्रावरचा माल उंदरांना टोचून बघितला, लावे पक्ष्यांना, झाडांवर माती घातली, काहीच झालं नाही, आणि १९७१ ला अपोलो १४ नंतर हा प्रकार बंद केला. पण त्यात एक मोठं भोक राहिलं होतं, यान पॅसिफिकमध्ये उतरल्यावर दार तिथेच समुद्रावर उघडलं, आतली हवा थेट बाहेर. चंद्र निर्जीव निघाला म्हणून निभावलं. मंगळावर पर्सिव्हरन्स रोव्हरनं नळ्यांत भरून ठेवलेले नमुने कधी इथे आणले तर हे चालणार नाही.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. जयंत नारळीकर सर (मे २०२५ मध्ये गेले, अजून हळहळ वाटते) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रोबरोबर हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली होती. २००५ च्या फुग्यातून तीन नवीन जिवाणू मिळाले, तपासणी हैदराबादला आणि पुण्याला पण झाली, एकाला आर्यभटाचं नाव दिलं. ते बाहेरूनच आले असं इस्रोनं म्हटलं नाही. पण सरांचा विचार असा होता की जंतू अंतराळातून पृथ्वीवर येत असू शकतात, आणि तसं असेल तर ही भेट कधीचीच चालू आहे.

दुसरी भीती हुशार पाहुण्यांची. १९७४ मध्ये पोर्टो रिकोमधल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम१३ तारकागुच्छाकडे संदेश पाठवला तेव्हा ब्रिटनचे खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी विरोध केला होता, की कोण ऐकतंय माहीत नसताना हाक कशाला मारायची. २०१० मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी कोलंबसचं उदाहरण दिलं, तो अमेरिकेत उतरला ते तिथल्या लोकांना भोवलं. मला हे पटतं, कारण ही भीती एलियनबद्दल नाहीच, माणसानं माणसाशी काय केलं ते आपल्याला माहीत आहे, त्याची ती आठवण आहे.

फक्त इथेच दोन्ही भीतींची सरमिसळ होते. कोलंबसनंतर अमेरिकेत जे प्रचंड मृत्यू झाले त्यात तलवारीपेक्षा रोगांनी जास्त माणसं नेली, १५२० मध्ये अझ्टेकांच्या राजधानीत देवीच्या रोगाची साथ पसरली ती तशीच. मग लोक म्हणतात बघा, मंगळाचे जंतूही असंच करणार. पण देवीचा विषाणू माणसातच वाढलेला होता, दोन्हीकडे माणसंच होती म्हणून तो पसरला. मंगळावरच्या जंतूनं माणूस कधी बघितलेलाच नाही, त्याला आपल्या पेशीत शिरायचं कसं ते जमण्याची शक्यता फार कमी. शून्य नाही, म्हणून बंद लॅब हवीच. आणि पाहुण्यांचं म्हणाल तर अंतर बघा, नासाचं व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला १७ किलोमीटरनं चाललंय, त्या वेगानं सगळ्यात जवळच्या ताऱ्याइतकं अंतर कापायला ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील.

हे सगळं भाचीला सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "मामा, पण आपले जंतू तिकडे गेले तर त्यांचं काय?" मी तिला कॅसिनी यानाची गोष्ट सांगितली. शनीभोवती १३ वर्षं फिरलं, इंधन संपत आलं, आणि एन्सेलाडस या चंद्राच्या बर्फाखाली समुद्र आहे हे त्यानंच दाखवलेलं. चुकून तिथे आदळलं तर पृथ्वीवरचे जंतू त्या पाण्यात जातील, म्हणून १५ सप्टेंबर २०१७ ला ते मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळून टाकलं.