दुपारचं अर्धं शटर: विदर्भातल्या बाजारगावांत दुकान-नोकरांच्या विश्रांतीची पार्श्वभूमी

२०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यातल्या दुरुस्त्यांना मंजुरी दिली. रोजचं काम नऊ तासांऐवजी दहा तास, सलग पाच तासांनंतर मिळणारी विश्रांती आता सहा तासांनंतर, तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास. चर्चा झाली ती बहुतेक या तासांचीच. पण त्याच निर्णयात आणखी एक आकडा होता, आणि विदर्भातल्या खेड्यापाड्यांपुरतं बोलायचं तर महत्त्वाचा तोच. आधी दहा माणसं कामाला असली की दुकान या कायद्यात यायचं, आता वीस लागणार.

मोर्शी, वणी, आर्वी, दर्यापूर, तालुक्याचं कुठलंही गाव घ्या आणि बस स्टँडपासून मेन रोडने चालत जा. किराणा दुकानात मालक आणि दोन पोट्टे. कृषी केंद्रात मालक, एक जण बिलं फाडायला, एक गोदामातून पोती काढायला. जनरल स्टोअर्समध्ये दोन मुली. लग्नाचा बस्ता जिथे बांधतात ते मोठं कापड दुकान असेल तर सात-आठ जण. वीसचा आकडा गाठायचा तर गिऱ्हाइकंही मोजावी लागतील. म्हणजे नऊचे दहा तास झाले काय आणि न झाले काय, या रस्त्यावर त्याचा हिशेब नाही. इथे नऊ तास कधी नव्हतेच.

वऱ्हाडात माणसाच्या कामाला घड्याळ लावलं ते कापसाने. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि अकोला, अमरावती, हिंगणघाट, खामगाव या पट्ट्यात सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, म्हणजे जीन, उभे राहिले. कारखाना म्हटला की भोंगा आला. भोंग्याबरोबर हळूहळू कायदाही आला: पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा, दुसरा १८९१ चा. दुसऱ्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची उसंत मान्य केली. त्याच्या मागे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना घेऊन दिलेला लढा होता. आपल्याकडच्या जीनला मात्र त्यातून फारसं काही मिळालं नाही, कारण वर्षातले काही महिनेच चालणारे हंगामी कारखाने १९११ च्या कायद्यापर्यंत बाहेरच होते. रेघ मारायची आणि विदर्भातला माणूस रेघेच्या पलीकडे ठेवायचा, ही रीत तेव्हापासूनची आहे असं म्हटलं तर कुणी रागावू नये.

तरी जीनला निदान भोंगा होता. दुकानाला तोही नव्हता. बाजाराच्या दिवशी खेड्यातून पहिली बंडी आली की दुकान उघडायचं आणि शेवटची बंडी सुटली की बंद व्हायचं. जीनचा मजूर आणि दुकानातला नोकर एकाच वस्तीत शेजारी राहत असले तरी एकाची दुपार भोंग्याने व्हायची, दुसऱ्याची मालक जेवून आला की.

दुकानातल्या नोकरीचा साचा कारखान्याचा नव्हताच, तो शेतातल्या सालदाराचा होता. पाडव्याला साल ठरायचं, लग्नाकार्याला उचल मिळायची, ती फिटेपर्यंत पुढचं साल आलेलं असायचं. दिवाळीला कपडा. मालकाच्या घरचं पाणी भरणं, मालकीणबाईंचं दळण आणणं, पोरांना शाळेत सोडणं हेही त्यातच. 'नोकर कुठला, घरचाच आहे', असं शेटजी कौतुकाने सांगायचे आणि ते खोटं नसायचं. आजारपणात दवाखान्याचा खर्च करणारे मालक होते, आजही आहेत. पण घरच्या माणसाला कामाचे तास नसतात. पोळ्याला बैलाला जू नसतं, त्याचे खांदे आदल्या दिवशी शेकून निघतात. त्याच दोन दिवसांत घुंगरमाळा, मठाट्या, बेगड, कासरे विकणाऱ्या दुकानातल्या पोट्ट्याला मात्र पाणी प्यायला फुरसत नसते.

दुकानांसाठी वेगळा कायदा देशात पहिल्यांदा झाला तो १९३९ मध्ये, मुंबई प्रांतात. विदर्भ तेव्हा त्या प्रांतात नव्हता, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. १९४२ मध्ये केंद्राने साप्ताहिक सुट्टीचा कायदा केला: दुकान आठवड्यातून एक दिवस बंद आणि नोकराला पूर्ण दिवस सुट्टी. पण तो प्रांताने अधिसूचना काढली तरच लागू. नागपूरच्या विधिमंडळाने स्वतःचा दुकाने व आस्थापना कायदा केला १९४७ मध्ये. मुंबईने आपला जुना कायदा मोडून नवा, सविस्तर कायदा केला १९४८ मध्ये. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा एकाच राज्यात दुकान-नोकरांसाठी निरनिराळे कायदे होते, मराठवाड्याचा हैदराबादी तिसरा. महाराष्ट्र झाल्यावर मुंबईचा १९४८ चा कायदा सगळीकडे नेण्यात आला.

तो कायदा कागदावर चांगला होता. दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, आणि सलग पाच तासांनंतर किमान एक तास विश्रांती. हो, एक तास. अर्धा तास २०१७ मध्ये झाला. दुकान उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ ठरलेली, आठवड्यातून एक दिवस शटर बंद. पण तो गावोगाव लागू नव्हता. यादीतली शहरं, लोकसंख्येने मोठी गावं, आणि पुढे शासन अधिसूचना काढेल तशी इतर. नागपूर, अमरावती, अकोल्याला दुकाने निरीक्षक फिरायचा. बाजाराच्या लहान गावात 'गुमास्ता' या शब्दाचा अर्थ उरला तो भिंतीवर फ्रेम करून लावलेला एक कागद, जो बँकेत कर्ज काढताना लागतो. गुमास्ता म्हणजे मुळात दुकानात कामाला असलेला माणूस, हे आता कुणाच्या ध्यानातही नाही. माणसाचं नाव कागदाला गेलं.

तरीही ग्रामीण विदर्भात विश्रांती होती, आणि ती उन्हाने दिली होती. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात गेला की बाराच्या पुढे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. गिऱ्हाईक सकाळी दहाच्या आत येऊन जायचं, नाहीतर पाचनंतर. मग साडेबाराला शटर अर्धं खाली यायचं. मालक घरी जेवायला, नोकर आत फरशीवर पाणी शिंपडून पाठ टेकायला. दोन-अडीच तास कुणी हाक मारत नसे. कुणी वाकून शटरखालून डोकावलंच तर आतून आवाज यायचा, 'चार वाजता या.' हा हक्क कुठल्या कलमात नव्हता, पण कलमातल्या एका तासापेक्षा मोठा होता. पावसाळा लागला की तो संपायचा. मृगाच्या आसपास कृषी केंद्रात बियाण्या-खतांसाठी रांगा लागल्या की रात्री नऊ-दहापर्यंत पोती खांद्यावर.

बसण्याचीही गोष्ट अशीच आहे, आणि ती मला कायद्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. जुन्या कापड दुकानात सगळेच बसायचे. पांढऱ्या चादरीची गादी, मालकाला तक्क्या, पुढे गल्ला, आणि गादीवरच मांडी घालून बसलेला दाखवणारा. गिऱ्हाईकही चपला काढून वर. ठाण उलगडायचं, पदर दाखवायचा, घडी घालायची, सगळं बसल्या जागी. कपाटातून काढून द्यायला तेवढा एक पोऱ्या उभा. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या दिवाणजींना मी विचारलं होतं की दिवसभर पाय दुखत नव्हते का. ते म्हणाले, 'उभं राहून त मानूस पंगतीत वाढते बाप्पा, कापड बसूनच इका लागे.' मग काउंटर आले. काचा आल्या, हँगर आले, आरसे आले. गादी गेली तसं बसणंही गेलं, आणि ते गेलं हे कुणी नोंदवलं नाही, कारण ते कुणी दिलेलंच नव्हतं. आता दुकानात स्टूल असतं, पण ते गिऱ्हाइकासोबत आलेल्या आजीसाठी.

केरळात हा प्रश्न उघडपणे लढला गेला. कोळिकोडमध्ये पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांत कामाला असलेल्या बायकांची संघटना उभी केली. त्यांची पहिली मागणी होती स्वच्छतागृहाची. दिवसभर लघवीला जाता येत नाही म्हणून बायका पाणीच पीत नव्हत्या. त्यानंतर बसण्याचा हक्क. २०१८ मध्ये केरळने कायद्यात दुरुस्ती करून दुकानात बसायची सोय बंधनकारक केली, २०२१ मध्ये तमिळनाडूने. आपल्या तालुक्यांच्या गावी साडी सेंटरमध्ये, जनरल स्टोअर्समध्ये गेल्या काही वर्षांत मुली मोठ्या संख्येने कामाला लागल्या आहेत. आजूबाजूच्या खेड्यांतून त्या एसटीने किंवा ऑटोने येतात. स्वच्छतागृह म्हणजे बस स्टँडचं, आणि तिथे कुणी जात असेल असं वाटत नाही. पाणी न पिण्याची युक्ती त्यांना कोळिकोडहून शिकावी लागलेली नाही.

महाराष्ट्राने १९४८ चा कायदा रद्द करून नवा आणला तो २०१७ मध्ये, १९ डिसेंबरपासून लागू. तो गावाचा आकार पाहत नव्हता, सगळ्या राज्याला होता. जुनी भौगोलिक रेघ पुसली गेली, पण तिच्या जागी डोकी मोजायची रेघ आली. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, पावती घ्यायची, संपलं. तास, विश्रांती, वर्षाला आठ किरकोळ रजा, सणाच्या भरपगारी सुट्ट्या, ओव्हरटाइमला दुप्पट दर ही कलमं दहा आणि त्यावरच्यांना. निरीक्षकाचं नाव बदलून सुविधाकार झालं. कुणाची सुविधा, हे नावावरून कळत नाही. किमान वेतन मात्र डोकी मोजत नव्हतं, एक नोकर असला तरी लागू होतं. पण खेड्यातली दुकानं त्यातही शेवटच्या परिमंडळात, सगळ्यात कमी दराच्या.

याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. दुकान ३६५ दिवस उघडं ठेवायला मोकळीक मिळाली. नोकराला आठवड्यातून एक सुट्टी द्यायची, दुकानाने बंद राहायची गरज नाही. शहरातल्या मोठ्या दुकानात पाळीपाळीने सुट्टी देता येते. दोन नोकरांच्या दुकानात एकाला सुट्टी दिली तर दुसरा एकटा पडतो आणि मालक तोंड वाकडं करतो. पूर्वी गावाचा बंदचा वार ठरलेला असायचा, बाजाराचा दिवस सोडून. त्या दिवशी सगळेच बंद, म्हणून कुणाचंच गिऱ्हाईक तुटत नसे आणि सुट्टी मागावी लागत नसे. आता समोरच्याने उघडलं म्हणून आपण उघडायचं. सुट्टी कायद्याने काढली नाही, ती एकेकट्याची झाली, आणि एकेकट्याला मागता येत नाही.

२०२२ मध्ये कायदा दहापेक्षा कमी नोकरांच्या दुकानापर्यंतही पोचला. पाटीसाठी. देवनागरी मराठी नामफलक प्रत्येक दुकानाला सक्तीचा झाला, मग आत एकच माणूस का असेना. पाटी मराठी हवीच, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण लहान दुकान इतकं लहान आहे की कायदा तिथे नेणं जमत नाही, असं जे सांगितलं जात होतं, ते खरं नव्हतं एवढं त्यातून कळलं.

दुपारचं अर्धं शटर आता कमी दिसतं. कूलर आले, मग एसी आले, लोक मोटरसायकलवर भर दुपारी येऊ लागले. सगळ्यात मोठा फरक पाडला तो तालुक्याच्या गावी उघडलेल्या मार्टनी. सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ, मध्ये बंद नाही. तिथे शेटजी नाही, उचल नाही, दळण आणणंही नाही. ड्रेस आहे, हजेरीचं अंगठ्याचं मशीन आहे, पगार बँकेत येतो. मुलांना तो बदल आवडतो आणि का आवडू नये. डबा पाळीने खायचा, गोदामात, तेलाच्या खोक्यांवर बसून, कारण बसायला तीच जागा आणि तिथे कॅमेरा नसतो. टिनाच्या छताखालच्या त्या गोदामात मे महिन्याची तपन बाहेरच्यापेक्षा कमी नसते.

२०१७ चा कायदा ग्रामीण विदर्भात खऱ्या अर्थाने कुठे लागला असेल तर या मार्टनाच. माणसं दहाच्या वर, हजेरी मशीनवर, तास मोजता येण्याजोगे. अशा एका मार्टमध्ये साधारण बारा ते पंधरा जण कामाला असतात.