ड्रोन, वायफाय आणि राउटरमागचं बारीक छिद्र

आमच्या सर्व जुन्या-नव्या ग्राहकांसाठी

लग्नसराई लागली की वायफाय आणि कॅमेरे बसवून देणाऱ्या आमच्या दुकानातला फोन एकाच प्रश्नासाठी वाजतो. "शेजारच्या कार्यालयावर ड्रोन फिरतोय, आमचं वायफाय ऐकतोय का हो?" अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले विचारतात, जुळे सोलापुरातल्या काकूही विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून देतो.

वरातीचा ड्रोन वरातच टिपतो, त्याची काळजी सोडा. पण ड्रोनवरून वायफाय ऐकता येतं, हे मात्र खरं आहे. २०११ मध्ये लास व्हेगासच्या परिषदेत दोघा अमेरिकनांनी जुन्या लष्करी सराव-विमानावर संगणक बसवून ते दाखवलं होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका वित्त कंपनीच्या गच्चीवर दोन ड्रोन उतरलेले सापडले. एकावर कंपनीच्या वायफायची नक्कल करणारं यंत्र होतं, अशी माहिती तिथल्या एका सुरक्षा संशोधकाने जाहीर केली.

यात जादू काही नाही. पूर्वी ऐकणाऱ्याला तुमच्या गेटबाहेर गाडी लावून बसावं लागायचं आणि वॉचमन हटकायचा. गच्चीवर कोण हटकणार? आपल्याकडे टाकीत पाणी आलं का बघायलाच माणूस वर जातो, आणि पाणी रोज येत नाही.

वरून ऐकून मिळतं काय? बँकेची साइट उघडली तर तिचा मजकूर वेगळा कुलूपबंद असतो, तो सहसा हाती लागत नाही. हाती लागते ती तुमच्या पासवर्डची परीक्षा घेण्याची संधी. फोन राउटरला जोडताना दोघांत चार छोटे निरोप जातात. ते टिपले की ड्रोन परत गेला तरी चालतं. पुढे घरी बसून संगणकावर एकेक पासवर्ड लावून बघायचा. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवणाऱ्यांनी नीट वाचावं. आपले नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला भरपूर वाटतात. गेम खेळायचं एक चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं, म्हणजे सगळे नंबर तपासून व्हायला तास-सव्वा तास. त्यातून तुमचा नंबर दुकानाच्या पाटीवरच रंगवलेला असेल, तर तेवढाही वेळ नको.

म्हणून आम्ही पासवर्ड लांब ठेवतो. "एवढा मोठा कशाला, पोरांना टाइप करता येत नाही," अशी तक्रार नेहमीची आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले की पोरांनाही जमतं. फक्त त्यात शेंगाचटणी नको. सोलापूरकराला पहिली तीच सुचते, आणि चोरालाही हे माहीत असतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ जातो.

राउटरच्या मागे एक बारीक छिद्र असतं. त्याच्या आत रीसेटचं बटण असतं. एखादा फोन जोडला जात नाही म्हणून घरातलं कोणीतरी, बहुतेक भाचा, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबतं. आम्ही केलेलं सगळं त्या क्षणी पुसलं जातं. नाव-पासवर्ड कारखान्यातले परत येतात. पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क जातं. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बऱ्याच राउटरमध्ये पुन्हा चालू होते. तिच्या आठ आकडी पिनमधली चूक २०११ मध्येच उघडी पडली आहे, फार तर अकरा हजार प्रयत्नांत पिन सापडते. ब्रॉडबँडचा यूजर आयडीही बऱ्याचदा पुसला जातो आणि नेट बंद पडतं. मग नेटवाल्याचा मुलगा येतो, आयडी टाकतो आणि जाताना विचारतो, "पासवर्ड काय ठेवू? मोबाइल नंबर ठेवतो." नेट सुरू झालं, सगळे खूश.

आम्हाला हे कधी कळतं? सहा महिन्यांनी कॅमेरा बंद पडला म्हणून बोलावता तेव्हा. मग कॅमेरे, प्रिंटर, बिलिंगचा संगणक, एकेक परत जोडायला दोन तास लागतात. रीसेटनंतरच्या भेटीचे पैसे का घेता, याचं उत्तर एवढंच. इतर किरकोळ अडचणी आम्ही आजही फोनवर फुकट सोडवतो.

रीस्टार्ट आणि रीसेट एक नव्हे. नेट अडलं तर राउटरचं भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. नाही पुरलं तर टाचणी शोधण्याआधी आम्हाला फोन करा, नंबर राउटरवरच्या स्टिकरवर आहे. पासवर्ड विसरलात तरी आम्ही काम झाल्यावर दिलेल्या बंद पाकिटात तो लिहिलेला असतो. पाकीट कपाटात ठेवा, काउंटरच्या काचेखाली नको.

डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीबद्दलही विचारणा होते. २०१८ मध्ये आलेल्या या पद्धतीत घरी बसून पासवर्ड लावून बघता येत नाही, आणि खोटा निरोप पाठवून फोनचं वायफाय तोडण्याची युक्तीही चालत नाही. पण जुना प्रिंटर आणि जुने फोन त्याला जोडले जात नाहीत, म्हणून अनेकांकडे आम्ही जुनी-नवी पद्धत एकत्र ठेवतो. तोवर लांब पासवर्ड हवाच. जुना प्रिंटर बदलायचा विचार असेल तर आधी आम्हाला विचारा, कोणता चालेल ते सांगू. खरेदी आमच्याकडूनच करा असा आग्रह नाही.

राउटर गच्चीच्या जिन्यात लावू नका, घराच्या मधोमध लावा. सिग्नलची ताकद गरजेपुरतीच ठेवायची असते, ते आम्ही भेटीत करून देतो.

काही जण जॅमर, म्हणजे सिग्नल अडवणारं यंत्र मागतात. आम्ही विकत नाही, खासगी माणसाने तो वापरणं बेकायदा आहे. ड्रोनला दगडही मारू नका. होटगी रोडच्या विमानतळामुळे शहराच्या बऱ्याच भागावर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. गच्चीवर अनोळखी ड्रोन उतरलेला दिसला तर हात न लावता फोटो काढा, ११२ ला कळवा, आणि मग आम्हाला. त्या दिवशी पासवर्ड बदलायला आम्ही फुकट येऊ. रीसेट मात्र तुम्ही केलेलं नसावं.